आजोबांच्या ट्रॅमाडॉलने लेकीच्या फिट थांबतील का?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सात वर्षांपासून तिला फिट येतात. आधी पोटातून काहीतरी वर चढतंय असं म्हणते. मग नजर एकटक होते, तोंड मचमच करत राहते, हाताने ओढणी चाळवत बसते. मिनिट-दीड मिनिटात शुद्धीवर येते, पण पुढचा अर्धा तास तिला काही सुधरत नाही. महिन्यातून तीन-चार वेळा तरी हे होतंच. आधी कार्बामाझेपिन होतं, मग लेव्हेटिरासिटाम जोडलं, आता क्लोबाझामही चालू आहे. वर्षाची असताना तापात तिला बराच वेळ आकडी आली होती. माझा भाचा बी.फार्म.ला आहे. ओपिऑइड जातीच्या औषधांनी उंदरांच्या फिट थांबतात, असं त्याने वाचलं. घरात सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या उरल्या आहेत. तेही ओपिऑइडच, असं तो म्हणतो. अर्धी गोळी देऊन पाहिली तर? व्यसन लागेल का? ते उंदरांवरचं औषध आपल्याकडे कधी येईल? डॉक्टरांनी एकदा ऑपरेशनचा विषय काढला होता, पण हे म्हणाले, पोरीच्या डोक्याला चाकू लावू देणार नाही. मी काय करू?
एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर :

ताई, नमस्कार.

बाकी सगळं नंतर बोलू. आधी एवढंच : ती गोळी देऊ नका. अर्धी नको, पाव नको, "एकदाच बघू" म्हणूनही नको.

ट्रॅमाडॉलने फिट थांबत नाहीत, उलट येतात. ज्यांना आयुष्यात कधी फिट आलेली नाही अशा माणसांनाही ट्रॅमाडॉलमुळे फिट आल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या फक्त जास्त डोस घेणाऱ्यांच्याच नाहीत. ज्याला आधीच अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आहे त्याला धोका अधिक, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. ट्रॅमाडॉल ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं, आहे हे भाच्याचं म्हणणं बरोबर. पण ते तेवढंच नाही. मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं पुन्हा शोषली जाण्याची क्रियाही ते अडवतं. शिवाय कार्बामाझेपिनमुळे यकृत ट्रॅमाडॉलचा निचरा लवकर करतं, म्हणून वेदना शमवण्याचा त्याचा गुण कमी होतो आणि फिटचा धोका मात्र तसाच राहतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत याहून वाईट जोडी शोधून सापडायची नाही.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. आपल्याकडे ट्रॅमाडॉल बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. त्यामुळे घरात ती "दुखण्याची साधी गोळी" म्हणून पडून राहते आणि मुलीचं डोकं दुखलं की नकळत दिली जाते. फिटनंतर डोकं बऱ्याचदा दुखतं. म्हणून सासऱ्यांच्या उरलेल्या सगळ्या स्ट्रिप नावं वाचून वेगळ्या काढा. आतापर्यंत कधी दिली गेली असेल तर घाबरू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना तारखेसकट सांगा. दातांच्या डॉक्टरांकडे, हाडांच्या डॉक्टरांकडे, कुठेही गेलात तरी "हिला फिट येतात" हे आधी सांगायचं. ट्रॅमाडॉलसारखीच सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्सही जपून द्यावी लागतात.

आता भाच्याकडे वळते. त्याला रागावू नका. त्याने वाचलं ते खोटं नाही. मी वर्षानुवर्षं मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं आणि हा विषय माझ्या जवळचा आहे. त्याची गफलत एवढीच झाली की "ओपिऑइड" हे एका औषधाचं नाव समजून त्याने हिशोब मांडला. ते एका मोठ्या कुळाचं नाव आहे, आणि फिटच्या बाबतीत त्या कुळातले सदस्य एकमेकांच्या अगदी उलट वागतात.

अफूचा परिणाम ज्यांच्यामार्फत होतो ते रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या रसायन बसण्याच्या जागा, मेंदूत आहेत हे १९७३ मध्ये कॅन्डेस पर्ट आणि सोलोमन स्नायडर यांनी दाखवलं. पुढचा प्रश्न साहजिक होता : अफूसाठी निसर्ग आपल्या मेंदूत जागा कशाला करून ठेवेल? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना उत्तर मिळालं. मेंदू स्वतःच अशी रसायनं बनवतो. त्यांनी शोधलेलं एन्केफॅलिन. १९७९ मध्ये ॲव्हरम गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक शोधलं, डायनॉर्फिन. आपल्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

या रसायनांना प्रतिसाद देणारे रिसेप्टर मुख्यतः तीन प्रकारचे : म्यू, डेल्टा आणि कॅपा. मॉर्फिन काम करतं ते म्यूवर, ट्रॅमाडॉलचा ओपिऑइड गुणही म्यूवरच. प्राण्यांच्या प्रयोगांत मॉर्फिन थोडं दिलं तर काही वेळा फिट येणं अवघड होतं आणि डोस वाढवला की तेच मॉर्फिन फिट आणतं. डेल्टाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. एसएनसी-८० नावाचं डेल्टावर काम करणारं संयुग दिल्यावर उंदरांना आणि माकडांनाही झटके आले. म्हणजे निव्वळ "ओपिऑइड" म्हणून काही द्यायचं ठरवलं तर फिट थांबवणारं हाती येईल की आणणारं, याचा काही भरवसा नाही.

उरला कॅपा. भाच्याने वाचलं असेल ते बहुधा याच्याबद्दल. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो, आठवणी साठवण्याशी त्याचा संबंध. तिथल्या काही पेशी डायनॉर्फिन साठवून ठेवतात. पेशी नेहमीच्या गतीने संदेश देत असतात तेव्हा ते आतच राहतं. संदेशांचा मारा सुरू झाला, म्हणजे फिट सुरू होताना होतो तसा, की ते बाहेर पडतं, कॅपा रिसेप्टरवर बसतं आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा स्राव कमी करतं. मेंदूने स्वतःसाठी बसवलेला हा ब्रेक आहे. डायनॉर्फिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना फिट लवकर येतात, आणि कॅपा रिसेप्टर चालू करणारं यू-५०४८८ हे संयुग दिलं की ती उणीव भरून निघते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती तरी वेळ त्याच विचारात होते. आपण बाहेरून औषधं शोधत फिरतो आणि फिट अडवण्याची एक सोय आतच असते. फिट वारंवार येत राहिल्या की हा साठा कमी पडत जातो, असं या क्षेत्रातल्या संशोधकांचं म्हणणं आहे.

मग कॅपाची गोळी का आली नाही? कारण तिने माणूस बेचैन होतो, खिन्न होतो, झोपाळतो, डोस वाढला तर भास होतात. फिट थांबवायला कुणी असं जगणं देणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ आता कॅपा रिसेप्टरच्या आत निघणाऱ्या संदेशांच्या वाटा वेगळ्या करू पाहताहेत. फिट दाबणारी वाट उघडायची, बेचैनी आणणारी बंद ठेवायची. सिक्स-प्राइम-जीएनटीआय नावाच्या एका संयुगाने उंदरांमध्ये हे बऱ्यापैकी साधलं, फिट दबल्या आणि प्राण्यांमध्ये तिटकाऱ्याची लक्षणं दिसली नाहीत. जपानमध्ये २००९ पासून नाल्फुराफिन हे कॅपावर काम करणारं औषध डायलिसिसच्या रुग्णांना खाजेसाठी देतात. म्हणजे अगदी छोट्या डोसमध्ये माणसाला कॅपाचं औषध सोसतं. पण ते खाजेसाठी आहे, फिटसाठी नव्हे. भाचा आणखी वाचेल तेव्हा पेंटाझोसिनही कॅपावर काम करतं हे त्याला सापडेल. ते इंजेक्शन तर आपल्याकडे सहज ऐकू येणारं नाव. त्याला आत्ताच सांगून ठेवा : फिटच्या रुग्णांना पेंटाझोसिन जपून द्यावं असाच इशारा आहे, आणि त्याच्या व्यसनाने आपल्या देशात पुष्कळ घरं पोळली आहेत.

मला सगळ्यात आशेचं वाटतं ते २०१९ मध्ये बर्लिन आणि इन्सब्रुकच्या गटांनी प्रसिद्ध केलेलं काम. त्यांनी गोळीचा नादच सोडला. एका निरुपद्रवी विषाणूत डायनॉर्फिन बनवणारं जनुक भरलं आणि उंदरांच्या मेंदूत जिथून फिट उगम पावते नेमक्या त्या जागी सोडलं. त्या पेशी डायनॉर्फिन बनवून साठवू लागल्या, आणि फिट सुरू व्हायच्या वेळी, तेवढ्याच वेळी, ते बाहेर सोडू लागल्या. फिट कित्येक महिने दबून राहिल्या. जागा ओळखण्याची, वाट लक्षात ठेवण्याची त्या प्राण्यांची स्मृती जी एरवी ढासळते, तीही टिकली. सतत औषध अंगात नाही, म्हणून त्याची सवय होण्याची आणि दुष्परिणामांची भीतीही कमी. याच कामात त्यांनी माणसाच्या हिप्पोकॅम्पसच्या पातळ चकत्यांवरही डायनॉर्फिन घालून पाहिलं, आणि त्यातली फिटसारखी विद्युत हालचाल शांत झाली. त्या चकत्या आल्या होत्या फिटसाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांकडून. हे वाक्य लक्षात ठेवा, ऑपरेशनबद्दल मला पुढे बोलायचंच आहे.

तुमच्या पत्रातलं वर्णन, पोटातून वर चढणं, मचमच, हातांचा चाळा, आणि बाळपणी तापात आलेली लांबलेली आकडी, हे सगळं टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाकडच्या मेंदूच्या भागाच्या, त्यातही हिप्पोकॅम्पसपाशी सुरू होणाऱ्या अपस्माराचं वाटतं. मी निदान करत नाही, ते तपासून तुमचे न्यूरॉलॉजिस्टच करतील. पण उंदरांवरचे हे प्रयोग नेमके याच प्रकारावर चालले आहेत, म्हणून तुमच्या भाच्याचं कुतूहल अगदी योग्य जागी आहे.

"कधी येईल" याला मी तारीख देणार नाही. तशी तारीख सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. प्राण्यांवरचे प्रयोग वाया जात नाहीत. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर विजेचे झटके देऊन पारखलेलं फेनिटॉइन आजही ससूनच्या वॉर्डापासून गावच्या दवाखान्यापर्यंत वापरात आहे. उलटही घडतं. तुमची लेक घेते ते लेव्हेटिरासिटाम प्राण्यांवरच्या नेहमीच्या दोन्ही चाचण्यांत नापास झालं होतं. वेगळ्या पद्धतीने तपासलं तेव्हा त्याचा गुण कळला. म्हणजे उंदराला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही, आणि उंदराला नाही पडलं ते माणसालाही नाहीच असंही नाही. कुणी तुम्हाला "डायनॉर्फिन थेरपी" म्हणून काही विकायला आलं, कितीही मोठ्या क्लिनिकची पाटी असली तरी, त्याला दारातूनच परत पाठवा.

व्यसनाचं विचारलंत. ट्रॅमाडॉलचं लागतं, म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं. कॅपावरच्या औषधांनी मॉर्फिनसारखी धुंदी येत नाही, उलट मन उदास होतं, त्यामुळे त्यांची ओढ लागण्याचा धोका कमी मानतात. तुमच्या लेकीपुढे आज हा प्रश्नच नाही.

आज तिच्यापुढे काय आहे ते सांगते, आणि हे जरा जोर देऊन सांगते. सात वर्षं, तीन औषधं, तरी महिन्याला तीन-चार फिट. योग्य निवडलेली, योग्य डोसमधली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणायचं, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१० ची. क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० मध्ये रुग्णांची मोठी मालिका मांडली होती. पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतरच्या औषधांनी अगदी थोड्यांच्याच. चौथी गोळी जोडून चमत्काराची वाट बघण्यात तुमच्या लेकीची आणखी वर्षं जाऊ नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला तो घाबरवायला नव्हे. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात ऑपरेशन हे उरलंसुरलं साधन नाही, ते उत्तम साधनांपैकी एक आहे. २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांवर चाचणी झाली, चाळिसांना ऑपरेशन, चाळिसांना गोळ्या. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के आणि गोळ्यांच्या गटात ८ टक्के. त्या वर्षात एक मृत्यू झाला, तो गोळ्यांच्या गटात. २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सने मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली, वेगवेगळ्या प्रकारच्या मेंदूच्या ऑपरेशनांची. तिथे वर्षअखेर फिटमुक्त मुलं ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. आपल्या देशातलं काम आहे हे.

धोके लपवत नाही. डाव्या बाजूला ऑपरेशन झालं तर शब्दांची आठवण थोडी मंदावू शकते, नजरेच्या वरच्या कोपऱ्यातला काही भाग दिसेनासा होऊ शकतो, संसर्ग आणि रक्तस्राव हे कोणत्याही मोठ्या ऑपरेशनचे धोके तर आहेतच. आणि प्रत्येकाचं ऑपरेशन होऊ शकतही नाही. म्हणून तर आधी तपासण्या करतात. यजमानांना हेच सांगा : तपासण्यांना हो म्हणणं म्हणजे चाकूला हो म्हणणं नव्हे. अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय, मुलीला काही दिवस दाखल करून फिट कॅमेऱ्यात आणि ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, एकदम टिपणारा व्हिडिओ ईईजी, आणि स्मृती-भाषेची चाचणी. एवढं झालं की फिट कुठून निघते ते बहुतेक वेळा कळतं, आणि तो भाग काढण्याजोगा आहे का तेही. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत व्हिडिओ ईईजीची सोय आहे. दुसरं मत हवं असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात. खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा.

पुढच्या भेटीला जाताना तीन महिन्यांची नोंदवही न्या : तारीख, वेळ, किती मिनिटं, झोप कशी झाली होती, पाळीचे दिवस कोणते, गोळी चुकली होती का. एखाद्या फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कुणाला संकोच वाटेल, पण डॉक्टरांना तो दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो. बाळपणीच्या तापातल्या आकडीचा उल्लेख विसरू नका. पुढे कधी व्हॅल्प्रोएटचा विचार निघाला तर गर्भधारणेबद्दल मोकळेपणाने विचारा, कारण ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे द्या, आणि तो घरात कसा ठेवायचा, कसा वापरायचा ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्प्रेने थांबली नाही तर तडक रुग्णालय. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. आणि अ‍ॅक्टिवाची किल्ली तूर्तास तिच्या हाती देऊ नका, ती कितीही रुसली तरी.

पुण्यात संवेदना फाउंडेशन अपस्मार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आधारगट चालवतं. यजमानांना तिथे न्या. माझ्या टक्केवारीपेक्षा ऑपरेशन झालेल्या एखाद्या मुलीच्या वडिलांशी चहा घेताना झालेलं बोलणं त्यांना जास्त पटेल. लेकीलाही बरोबर घ्या. ती वीस वर्षांची आहे आणि डोकं तिचं आहे. तुमच्या पत्रात तिला काय वाटतं याचा एकही शब्द नाही. तिला आधी विचारा, आणि डॉक्टरांपुढे तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.